मैनेचा उजवा पाय

थंडी परत आली. सकाळी नळाला हात लावला की मी दचकते आणि मला वाटतं नळही दचकतो. कोपऱ्यावरच्या गाडीवर गराडूच्या कंदाचे तुकडे तळायला लागलेत. त्यांच्यावर भुरभुरलेला मसाला वारा थेट माझ्या नाकात आणून सोडतो. गुडघे माझ्या आधी उठून बसतात आणि मी कधी उठते याची वाट बघतात.

वरच्या खोलीत एक मुलगी भाड्याने राहते. भंवरकुआंला कोचिंगला जाते, कानात सदा ती पांढरी बोंडं. परवा तिला म्हटलं, "ही काय थंडी आहे? आमच्या वेळी दूधवाला दूध मापाने देत नसे, कोयत्याने तोडून देत असे. अंगणातल्या हौदात पौर्णिमेचा चंद्र गोठला, तो अमावास्येपर्यंत तिथेच. आई त्याच्या उजेडात तांदूळ निवडायची."

"सही है आजी," असं म्हणून ती जिना चढून गेली.

मला वाईट वाटलं. इतक्या मेहनतीने थाप मारावी आणि समोरच्याने ती दुकानातल्या पावतीसारखी न बघता ठेवून घ्यावी. निदान खोटं तरी म्हणायचं.

चंद्राचं राहू द्या. पण एक थंडी खरंच तशी होती, आणि तिच्यातलं मी जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं खरं आहे.

संस्थानं नुकतीच गेली होती आणि मध्यभारत नावाचं राज्य झालं होतं. त्या राज्याला राजधान्या दोन. उन्हाळ्यात इंदूर, हिवाळ्यात ग्वाल्हेर. दोघी सवतींना सारखं वागवायचं म्हणून काढलेली तोड. त्यामुळे थंडी आली की इंदुरातून सरकार उठायचं. टेबलं, खुर्च्या, कपाटं, फायली, मंत्री, मंत्र्यांचे चपराशी, चपराशांच्या सासवा, सगळं आगगाडीत भरून ग्वाल्हेरला. कचेरीच्या छपरावरचे कावळेसुद्धा पगारी होते, तेही जायचे. मागे उरायचे ते ज्यांचं सरकारात काही काम राहिलं नव्हतं ते. म्हणजे आम्ही.

आमचे बाबा महाराजांच्या रिसाल्यात होते, घोडदळात. रिसाल्यात घोडे जोडीने चालायचे, रिकिबीला रिकीब लावून. बाबांच्या डाव्या हाताला कायम तखतसिंगजी. राजपुतान्याकडचे, मिशा अशा की दसऱ्याच्या मिरवणुकीत त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी पोपट बसायचे. तखतसिंगजी बोलायचे आणि बाबा ऐकायचे. एकाने कधी ऐकलं नाही आणि दुसरा कधी बोलला नाही, म्हणून दोस्ती टिकली. तखतसिंगजी सांगणार, आमच्या गावात विहीर इतकी खोल की बादली सोडली तर नातू वर काढतो. बाबा मान डावीकडे कलती करून ऐकणार आणि समोर न बघताच म्हणणार, "झूठ." मग घोडे चार पावलं टाकणार. मग बाबा म्हणणार, "आगे बोलो."

महूपर्यंत जाऊन यायचे दोघं, तरी ती विहीर भरायची नाही.

रिसाला मोडला. तखतसिंगजी गावी गेले. भांडण नाही, फाळणी नाही, काही नाही. नोकरी संपली, माणूस घरी गेला. जाताना दारात उभे राहून म्हणाले, "चलता हूँ रिसालदार साहब." बाबा म्हणाले, "हाँ." झालं. एवढ्या वर्षांचं एवढंच.

त्यानंतर बाबांचं बोलणं, जे मुळात चिमूटभर होतं, ते संपलंच. बडा गणपतीजवळच्या आमच्या घरात आई बोलायची, मी बोलायची, भांडी बोलायची. बाबा मागच्या अंगणात मैनेपाशी जाऊन बसायचे.

मैना म्हणजे बाबांची स्वतःची घोडी. रिसाला सुटला तेव्हा सरकारी घोडे सरकारात राहिले आणि ती घरी आली. रंग भिजलेल्या चिंचेसारखा, कपाळावर पांढरा टिळा. हुशार इतकी की आई पोहे करायला घ्यायची तेव्हा ती खिडकीत तोंड घालून शेव कमी पडली तर फुरफुरायची. पण रिसाल्याचा चारा गेला, भत्ता गेला, आणि अंगणातली घोडी ठेवणं आम्हाला झेपणार नाही हे आईने न बोलता दाखवून दिलं. तिने स्वतः सकाळचा चहा सोडला.

मग एक तांगेवाला आला. दारात उभा राहून मैनेचं तोंड उघडून दात बघायला लागला. बाबा आतून आले, त्यांनी त्याचा हात मैनेच्या जबड्यावरून उचलला, जसा एखादा शर्टावर पडलेला पाला उचलावा, आणि त्याला फाटकाबाहेर नेऊन सोडलं. आत आल्यावर म्हणाले, "तांग्याला नाही." त्या महिन्यातलं त्यांचं ते सगळ्यात लांब भाषण.

दुसरा मार्ग एकच होता. नव्या सरकारला घोडेस्वार पोलिसांसाठी घोडे हवे होते. ग्वाल्हेरहून एक साहेब निवड करायला येणार होते. मैदानावर इंग्रजी आठाचा आकडा काढायचा, आधी डावीकडचा गोल, मग उजवीकडचा, दोन्ही कँटरमध्ये. जो घोडा दोन्हीकडे बरोबर पायावर धावेल तो सरकारी. उरलेले ज्याच्या त्याच्या नशिबाला.

आता हे पायाचं प्रकरण सांगायला हवं. घोड्याची दुडकी चाल असते, टप-टप, टप-टप. तिच्या पुढची ती कँटर, तीन ठोक्यांची, लाटेसारखी. तिच्यात घोड्याचा एक पुढचा पाय दुसऱ्याच्या आघाडीला पडतो. डावीकडे गोल फिरायचं तर डावा आघाडीला हवा, उजवीकडे तर उजवा. उलटा पडला की वळणावर घोड्याचा तोल आतून सुटतो. भरलेली कळशी कमरेवर घेऊन चुकीच्या कुशीवर वळलेली बाई बघितलीय कधी? तसं. पडत नाही, पण बघणाऱ्याचा जीव जातो.

मैना डाव्या गोलात रेशीम होती. उजव्या गोलातही डावाच पाय पुढे टाकायची.

लालबाग राजवाड्याच्या मागे नदीकडे तेव्हा एक पडीक मैदान होतं. कॉलेजला जाण्याआधी मी बाबांबरोबर तिथे जायची. धुकं इतकं दाट की मैनेचे कान आधी दिसायचे आणि बाकीची घोडी मागून यायची. बाबा तिला दुडकीवर फिरवायचे आणि कोपऱ्याशी आणायचे, कारण वळणावर घोड्याचं अंग आपसूकच आतल्या बाजूला वाकतं. तिथे इशारा द्यायचा. स्वाराने आपला आतल्या बाजूचा पाय घोडीच्या पोटाशी नुसता टेकवायचा, बाहेरचा थोडा मागे दाबायचा, आणि आतला लगाम एवढासाच ओढायचा, कुणाच्या खांद्यावर बोट ठेवून हाक मारावी तेवढा. सगळं पुस्तकात असावं तसं करायचे. मैना उसळायची, आणि पाय पडायचा डावा.

थांबवायचे, परत दुडकी, परत कोपरा, परत डावा.

कोपऱ्यात आडवा बांबू टाकून पाहिला. मैनेने तो डाव्या पायाने ओलांडला. गोल लहान केला, मोठा केला. शेजारच्या काकूंनी सांगितलं, उजव्या खुरावरून मीठ-मोहऱ्या ओवाळा. ओवाळल्या. मैनेने त्या चाटल्या. एकाने उजव्या पायात घुंगरू बांधायला सांगितलं, म्हणजे पायाला स्वतःची आठवण राहील. ते घुंगरू इतकं वाजलं की लालबागेतून पहारेकरी बघायला आला, कुणाचा कार्यक्रम आहे म्हणून. पाय डावाच.

बाबा घोडीवर कधी चिडले नाहीत. उतरायचे, तिच्या मानेवर हात ठेवून उभे राहायचे. दोघांच्या नाकातून वाफ निघायची आणि तिची कुठली, त्यांची कुठली, ते कळायचं नाही.

एके दिवशी त्यांची पाठ धरली. मला म्हणाले, "तू बस. नुसती मोकळी करून आण." मी बाबांची जुनी ब्रीचेस, म्हणजे घोड्यावर बसायची विजार, चढवली होती. ती माझ्या अंगावर एवढी सैल होती की आत आणखी दोन मुली राहिल्या असत्या. मला घोड्यावर बसता यायचं, पण शास्त्र काही यायचं नाही. दुडकीवर उजवा गोल घेतला, कोपऱ्यात आले, बाबा करायचे तसं काहीतरी केलं आणि जिकडे जायचं तिकडे बघितलं.

मैना उचलली गेली. खालून एक वेगळीच लाट आली. मला वाटलं खोगीर सुटलं. खाली बघितलं तर उजवा पाय आघाडीला, टकाटक, जन्मापासून असाच टाकत असल्यासारखा.

फेरी पुरी करून मी बाबांसमोर थांबले. मी हसत होते. ते हसत नव्हते.

त्याच क्षणी आई आली. ती मला झोडायला आली होती, कारण मी ब्रीचेस घालून बडा गणपतीच्या देवळासमोरून गेले हे तिला तीन घरांमधून कळलं होतं. हातात छत्री होती, पाऊस नसताना. पण मैदानावर तिने बाबांचा चेहरा बघितला आणि माझं झोडणं राहिलं.

"काय झालं?"

"हिच्या हाताखाली पडला," बाबा म्हणाले. "माझ्या नाही पडत."

"मग बसा बघू. मला दाखवा."

बाबा बसले. उजवा गोल, दुडकी, कोपरा, इशारा, आणि पाय डावा. आईने घोडीकडे बघितलंच नाही. घोडा आणि म्हैस यांत तिला फरक फक्त दुधाचा माहीत होता. ती बाबांकडे बघत होती.

"अहो," ती म्हणाली, "गोल इकडे घेताय आणि बघताय तिकडे. डावीकडे कोण आहे तुमच्या?"

बाबांनी घोडी थांबवली. त्यांची मान होती तशीच होती, डावीकडे कलती. खांदाही डावीकडे झुकलेला. खोगिरावर सगळं वजन त्या बाजूला. इतक्या वर्षांत ती त्यांची बसण्याची पद्धतच झाली होती. बिचाऱ्या मैनेला काय, तिच्या पाठीवरचा माणूस ज्या बाजूला कलतो तिकडेच जायचं असणार असं ती समजायची. ती चुकतच नव्हती.

डावीकडे धुकं होतं आणि नदीकाठची बाभूळ होती.

आई छत्री काखेत मारून परत गेली. मला म्हणाली, "लवकर ये, पोहे गार होतायत." आणि तेही हळू म्हणाली.

आपल्या मानेचं काय करायचं हे माणसाला सांगून जमत नाही. बाबांनी ठरवून मान उजवीकडे वळवायला सुरुवात केली, तर ते एखाद्या फोटोग्राफरने बसवल्यासारखे ताठ झाले आणि मैना बावरून उभीच राहिली. मान ताठ पण खांदा डावा. खांदा सरळ केला की पाठ डावी. वजन परत परत तिकडेच जायचं, भांड्यातलं पाणी उताराला जातं तसं.

शेवटी मी गोलाच्या मधोमध जाऊन उभी राहिले. उजव्या गोलात मध्य म्हणजे घोडेस्वाराची उजवी बाजू. म्हटलं, इथे कुणीतरी असलं तर बघतील. आणि बोलायला लागले. खरं ते सगळं सांगितलं. कॉलेजात इतिहासाचे सर काय म्हणाले, मैत्रिणीचं लग्न कुठे ठरलं, आईने लोणच्यात मीठ कमी घातलं. बाबा "हं" म्हणायचे आणि डावीकडे बघत फिरायचे. खरं ऐकायला मान वळवावी लागत नाही.

वैतागले मी. साहेब यायला आठच दिवस उरले होते. तोंडात आलं ते बोलले. "बाबा, काल राजधानीची शेवटची मालगाडी गेली ना, तिच्यात चुकून आपल्या शाळेचे हेडमास्तर भरले. कपाट समजून. ग्वाल्हेरला उघडलं तेव्हा आतून म्हणाले, हजेरी झाली का?"

बाबांची मान वळली. माझ्याकडे, उजवीकडे. मानेमागून खांदा आला, खांद्यामागून कंबर, आणि कंबरेखालून मैना, उजव्या पायावर, धुक्यातून लाटेसारखी. मी श्वास धरून उभी. पूर्ण फेरी झाली. माझ्यासमोरून जाताना बाबा म्हणाले, "झूठ."

मी वाट बघितली. घोडीने चार पावलं टाकली, आणखी चार टाकली. पुढचे दोन शब्द आले नाहीत. ते दुसऱ्या कुणाचे होते.

पण एवढ्यावर मला खाद्य मिळालं. त्या दिवसापासून मी गोलात उभी राहून अशा थापा मारल्या की नदीने पात्र बदललं नाही हेच नवल. प्रत्येक थापेला बाबांची मान वळायची, मैनेचा पाय पडायचा, "झूठ" यायचं. पुढचं कधी नाही.

पुढे माझं लग्न झालं. यजमान फार भले. रेल्वेत होते. माझं बोलणं ते मन लावून ऐकायचे आणि सगळंच्या सगळं खरं मानायचे. एकदा मी सांगितलं की आमची मैना आरशात बघून टिळा सरळ करायची. ते दहा जणांना सांगून आले. आता तेही नाहीत. मुलगा पुण्याला, मुलगी त्याच्याही पुढे. सकाळी मी लालबागेत फिरायला जाते. तिथे आता तिकीट काढून लोक राजवाडा बघतात आणि मैदानावर मेळे भरतात. फिरणारी माणसं सगळी एकाच दिशेने गोल फिरतात, सगळ्यांच्या कानात ती बोंडं. माझी मान कुठे वळते ते मला कुणी सांगत नाही. सांगायला बाजूला उभं राहून बघावं लागतं.

तर ती थंडी. निवडीच्या दिवशी मैदानाला दोरी लावली होती. मधे फक्त साहेब आणि त्यांचा एक जमादार. मी दोरीबाहेर, आई माझ्या शेजारी, छत्रीसकट. मला मधे जाता येणार नाही हे बाबांना माहीत होतं. रात्री जेवताना मी म्हटलं होतं, "मी दोरीपासून ओरडू का काहीतरी?" त्यांनी नको म्हणून मान हलवली होती.

बाबांनी तो जुना कोट घातला होता. मैना त्या ऊन-धुक्यात चिंचेची गोळी चमकावी तशी चमकत होती. डावा गोल झाला, रेशमासारखा. डावीकडे बघत, खांदा झुकवून, बाबा शेवटचे तसे फिरले. मधे आठाची गाठ येते तिथे त्यांनी तिला दुडकीवर आणलं. टप-टप, टप-टप. कोपरा आला. आईने माझा दंड इतका आवळला की खूण होळीपर्यंत होती, ही थाप नाही.

बाबांनी मान उजवीकडे वळवली.

तिकडे कुणी नव्हतं. साहेब दुसऱ्या टोकाला उभे होते. तिकडे गवत होतं आणि गवतावर दव. पण बाबांनी अशी मान वळवली, जणू त्या बाजूला कुणीतरी अर्धं वाक्य बोलून थांबलंय आणि त्याचं उरलेलं ऐकायचंय. खांदा आला, कंबर आली. मैनेचा उजवा पाय असा सुटला की मला दोरीपाशी तिचा श्वास ऐकू आला.

साहेब चांगले गृहस्थ होते. त्यांनी मैनेच्या मानेवर थाप दिली आणि म्हणाले, "ऐसा पाँव बहुत दिन बाद देखा, रिसालदार साहब. घोड़ी हम ले जाएँगे." मग बाबांकडे बघून म्हणाले, "आप कभी ग्वालियर आइए. मिलवा देंगे."

"जी," बाबा म्हणाले.

आम्हाला हवं होतं तेच झालं होतं. घरी येऊन आईने शिरा केला आणि तो कुणी खाल्ला नाही.

मैनेला स्टेशनवर पोचवायला बाबा आणि मी चालत गेलो. तिला घोड्यांच्या डब्यात चढवलं. फळीवर पाय ठेवताना तिने उजवा आधी टाकला, आणि बाबांनी ते बघितलं हे मी बघितलं. सरकारी लगाम आला, आमचा उतरवून बाबांच्या हातात दिला. डब्याचं दार लागलं. फटीतून टिळ्याचा थोडा पांढरा भाग दिसत होता. गाडी हलली तेव्हा आतून तिच्या खुरांचा आवाज झाला, कुठल्या पायाचा ते कळलं नाही.

परत निघालो. रस्त्यावर ऊन यायला लागलं होतं, दुकानांच्या फळ्या उघडत होत्या, कुणीतरी शिगडी पेटवत होतं. बाबांच्या उजव्या खांद्यावर रिकामा लगाम. चालताना त्याची कडी वाजत होती. मी कधी त्यांच्या डाव्या बाजूला आले ते मला माहीत नाही. गर्दीत वाट तिकडेच होती म्हणून आले असेन.

बरंच अंतर गेलो. मग मला दिसलं की त्यांची मान हळूहळू डावीकडे कलतेय. माझ्या बाजूला. खांदाही झुकला. ते समोर बघत होते, पण कान माझ्याकडे होता, आणि चाल मंद झाली होती.

आता उजवीकडे बघायला लावण्याची गरज नव्हती. कुठला पाय पडतो हे बघायला आमच्याकडे घोडीच नव्हती. मला खरं म्हणजे रडायला येत होतं, आणि रडणं आवरायची मला एकच रीत माहीत होती.

"बाबा," मी म्हटलं, "मैना ग्वाल्हेरला पोचायच्या आत गाडी वळणावर अडेल बघा. ड्रायव्हर कोळसा टाकून टाकून दमेल. मग मैना डब्यातून तोंड काढून सांगेल, अरे भिया, आतलं चाक आघाडीला टाक."

कडी वाजत राहिली.

"झूठ," ते म्हणाले.

चार पावलं गेली. समोरून एक तांगा आला आणि गेला, त्याच्या घोड्याकडे त्यांनी बघितलं नाही.

"आगे बोलो," बाबा म्हणाले.